अस्सल रानडुक्कर कचोरी

एका जंगलात, मुलांनो, कचोरीचं एक दुकान होतं.

जंगलात कचोरी कशी, असं विचारायचं नाही. गोष्टीच्या पहिल्याच वाक्याला हात वर करणारी मुलं मोठेपणी तपासनीस होतात. तपासनीसाची काय फजिती होते, ते पुढं येणारच आहे. तेव्हा मांडी घाला आणि गप बसा.

दुकान गंगाक्काचं होतं. गंगाक्का जातीनं तरस. पुढचे पाय उंच आणि मागचे आखूड, त्यामुळं ती सपाटीवरही चढावर उभी असल्यासारखी दिसायची. हसली की टेकडीपलीकडची पाखरं उडायची. दुकान म्हणजे कुडाची एक भिंत, वर पळसाच्या पानांचं छप्पर, पुढं चूल आणि चुलीवर ही एवढी मोठी कढई. भिंतीवर पाटी होती : ‘अस्सल रानडुक्कर कचोरी. आमची कुठेही शाखा नाही.’

सकाळी कढई तापली की सगळं जंगल तिथं लोटायचं. बिबट्या कचोरी फोडायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि म्हणायचा, “हे डुक्कर डोंगराच्या उगवतीकडचं. कोवळं ऊन खाल्लेलं आहे.”

खोकड म्हणायचं, “छे हो! ओढ्याकाठचंच. चिखलाची गोडी कशी जिभेवर रेंगाळते बघा.”

मग दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. खरं सांगायचं तर दोघांनीही जन्मात डुक्कर खाल्लं नव्हतं. पण जाणकार व्हायला खाल्लेलं असावंच लागतं, असं थोडंच आहे?

महाराजांच्या गुहेत रोज टोपलीभर कचोऱ्या जायच्या. महाराज म्हणजे वाघ. म्हातारे झाले होते, पण मिशा अजून ताठ होत्या. टोपली रिकामी परत यायची आणि सोबत निरोप यायचा, ‘चटणी जास्त पाठवा.’

आता या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याच्या चिखलात, दगडोबा नावाचं एक रानडुक्कर राहत होतं. बायको सुंदरा, आणि पिल्लं इतकी की दगडोबाला सगळ्यांची नावं एका दमात घेता यायची नाहीत.

दगडोबानं ती पाटी पहिल्यांदा वाचली. तो धावत घरी आला आणि पिल्लांना ओळीनं उभं केलं. सगळी होती. भावाकडं गेला. भाऊ होता. बहिणीकडं गेला. बहीण होती, आणि मेव्हणाही होता. शेवटी तो मामाच्या बिळाशी गेला. हा मामा महाखडूस. जंगलातून एखादं डुक्कर कमी व्हायचंच असेल तर मामानं पुढाकार घ्यावा, अशी घरच्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण मामाही होता, आणि दगडोबाला बघताच ओरडला, “पाय पुसून ये!”

दगडोबा गोंधळला. कचोऱ्या तर रोज ढिगानं खपतात. डुक्कर एकही कमी होत नाही. मग कचोरीत आहे तरी कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात चिटपाखरू नाही असं बघून तो मागच्या बाजूनं गेला.

“अक्का,” तो म्हणाला, “एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचारा की भावजी.”

“तुमच्या कचोरीत डुक्कर कुठलं असतं?”

गंगाक्कानं झारा खाली ठेवला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग तिनं सारणाचं पातेलं उघडून त्याच्या पुढं सरकवलं.

“नाक खुपसा. तुम्हीच सांगा.”

दगडोबानं नाक खुपसलं. कच्चा फणस होता. सुरण होता. अळंबी होती. थोडी मोहाची पेंड होती. शिवाय सांबराच्या जुन्या कातड्याचा तुकडा उकळून घेतल्यासारखा वास होता. आणखी एक काहीतरी करडं होतं.

“हे करडं काय?”

“ते मलाबी म्हाईत न्हाई,” गंगाक्का म्हणाली. “सासूबाईंच्या येळेपासून पातेल्याच्या बुडाला चिकटलंय. त्येच्यानंच तर चव येती.”

“म्हणजे डुक्कर नाहीच?”

“नावाला बी न्हाई.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “आमचे मालक घालायचे हो, खरं डुक्कर. लई प्रामाणिक. एक दिस गेले आणायला, ते आजतागायत आले न्हाईत. तवा मी काय ते समजले. डुकराला मारायला जावं तर डुक्कर उलटून मारतं. फणस मारत न्हाई.”

दगडोबानं मान खाली घातली. हे काम मामाचं, हे त्याला ठाऊक होतं. मामा तो किस्सा प्रत्येक बारशाला सांगायचा. पण ती वेळ काही ते बोलायची नव्हती.

मुलांनो, तुम्हाला वाटेल दगडोबाला आनंद झाला असेल. अजिबात नाही. आधी त्याला भयंकर अपमान वाटला. घरी येऊन तो चिखलात धाडकन बसला आणि म्हणाला, “आपल्या जातीच्या नावावर फणस विकतात! सुरण! आपली काही किंमत आहे की नाही?”

सुंदरा एका पिल्लाचे कान चाटत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

“नाव तुमचं आणि जीव फणसाचा,” ती म्हणाली. “तुमचं काय जातंय?”

दगडोबानं थोडा वेळ विचार केला. मग त्याला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. बिबट्या गेली कित्येक वर्षं ओढ्याकडं फिरकला नव्हता. रानकुत्री पिल्लांच्या शेजारून ढेकर देत जायची. सगळं जंगल डुक्कर खाऊन तृप्त होतं, म्हणून डुकरं सुखात होती.

तेव्हापासून दगडोबा दुकानाचा भक्त झाला. एवढंच नाही, सुरण पुरवायचं कामही त्यानं अंगावर घेतलं. जमीन उकरावी तर डुकरानंच. पहाटे सगळं कुटुंब निघायचं, नाकांनी जमीन उलथायचं आणि सुरणाचे गड्डे दुकानाच्या मागं रचून यायचं. बदल्यात फणसाच्या साली मिळायच्या. मामासुद्धा यायचा. काम करायचा नाही, पण दुसऱ्यांच्या कामात चुका मात्र काढायचा.

असं छान चाललं होतं. अशा वेळी शहाण्यानं हळूच मागं वळून पाहावं, कारण नेमका तेव्हाच कुणीतरी प्रामाणिक माणूस येतो.

तो आला. नकुलसाहेब त्याचं नाव. जातीनं मुंगूस. नाक टोकदार, डोळे लाल, आणि बोलणं असं की झाडावरचं पानही सावधान उभं राहावं. खोकडाच्या पोरानं अधाशासारख्या कचोऱ्या खाल्ल्या, त्याचं पोट बिघडलं आणि बापानं दरबारात तक्रार केली. त्या चौकशीवर नकुलसाहेबांची नेमणूक झाली होती.

“सदरहू कचोरीत डुक्कर आहे काय?” त्यांनी भर गर्दीत विचारलं.

“पाटी वाचा की,” गंगाक्का म्हणाली.

“पाटी मी वाचली. आता मुंडी दाखवा.”

हा जंगलाचा जुना रिवाज होता. जो मटण विकेल, त्यानं जनावराची मुंडी दुकानावर टांगायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आपण कुणाला खातोय ते कळतं. आणि बाजार उठताना ती मुंडी महाराजांना द्यायची. तो त्यांचा मान. रिवाज सगळे विसरले होते. प्रामाणिक लोकांची हीच तर खोड, त्यांना नको ते आठवतं.

“येत्या बाजारच्या दिवशी,” नकुलसाहेब म्हणाले, “महाराजांसमक्ष मुंडी टांगली गेली पाहिजे. नाही तर दुकानाला टाळं.”

गर्दीत कुजबुज झाली. बिबट्यानं पंजा वर केला आणि नखं बाहेर काढून पाहिली.

“दुकान बंद झालं तर हरकत नाही,” तो म्हणाला. “चटक तर लागलीच आहे. आम्ही ताजं खाऊ. उगवतीकडचं.”

“ओढ्याकाठचं,” खोकड हट्टानं म्हणालं. पण ओढ्याकडं दोघांनीही पाहिलं.

दगडोबा सुरणाच्या ढिगामागं उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं.

त्याच दुपारी चिखलात बैठक बसली. गंगाक्काही आली. डुकरांच्या बैठकीत एक तरस बसलंय, असं त्या जंगलात आधी कधी घडलं नव्हतं.

“पळून जाऊ,” भाऊ म्हणाला.

“एवढी पिल्लं घेऊन?” सुंदरा म्हणाली.

“सुरणाची मुंडी करू,” बहीण म्हणाली. एक भला मोठा गड्डा आणून तिनं दातांनी कोरला, चिखलाचे डोळे लावले, कान चिकटवले. झकास झाली. सुंदरा म्हणाली, “ह्यांच्यापेक्षा देखणी आहे.” पण नकुलसाहेबांचं नाक सगळ्यांना माहीत होतं. सुरणाचा वास त्या नाकातून सुटला नसता. मुंडीला डुकराचाच वास हवा होता.

“मग खरीच द्या कुणाची तरी,” मामा म्हणाला.

सगळ्यांनी मामाकडं आशेनं पाहिलं.

“माझी सोडून,” मामा म्हणाला.

दगडोबा पिल्लांकडं बघत बसला होता. त्यातलं सगळ्यात धाकटं चिखलात उताणं पडून पायांनी हवा खणत होतं. त्याला बिबट्या म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. दगडोबा उठून गंगाक्काजवळ गेला.

“अक्का,” तो म्हणाला, “कुडाला भोक पाडता येईल?”

बाजारचा दिवस उजाडला. कुडाच्या भिंतीला, पाटीच्या बरोबर खाली, एक भोक होतं. भोकातून दगडोबाची मुंडी बाहेर आली होती. बाकीचा दगडोबा भिंतीमागं, पालापाचोळ्यात, चार पायांवर थरथरत उभा. गंगाक्कानं मानेभोवती पळसाची पानं खोचली, म्हणजे जोड दिसू नये. कपाळाला कुंकू फासलं. मग, शोभा यावी म्हणून, तोंडात एक लिंबू कोंबलं.

लिंबाचं आधी ठरलं नव्हतं.

“डोळे मिटा, श्वास बेतानं घ्या,” ती कानात म्हणाली. भिंतीमागं सुंदरा होती. तिचं काम एकच, नवरा हलला की त्याच्या ढुंगणावर थाप मारायची. आजवर एवढ्या आवडीचं काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

सगळं जंगल जमलं. महाराज येऊन दगडावर बसले. नकुलसाहेब मुंडीसमोर मागच्या पायांवर उभे राहिले. दगडोबाला डोळे मिटूनही ते टोकदार नाक आपल्या नाकाजवळ आल्याचं कळलं.

“वास डुकराचा आहे,” नकुलसाहेबांनी जाहीर केलं.

गर्दीनं माना डोलावल्या. आम्ही काय म्हणत होतो?

“पण मुंडी गरम आहे.”

“उन्हात टांगलीया सायेब,” गंगाक्का म्हणाली. “तुमीबी उन्हात हुबं ऱ्हावा, गरम हुताल.”

तेवढ्यात लिंबाचा रस दगडोबाच्या घशात उतरला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“मुंडी रडते आहे!” नकुलसाहेब ओरडले.

“ताजी हाय,” गंगाक्का म्हणाली. “शिळी मुंडी कधी रडती व्हय?”

“बरोबर आहे,” बिबट्या म्हणाला. “ताज्याची हीच खूण.”

मग एक माशी आली. मुंडीच्या कानावर बसली, उठली, नाकपुडीत गेली. दगडोबाच्या सगळ्या अंगातून शिंक निघाली आणि नाकाकडं धावायला लागली. भिंतीमागं सुंदरानं सणसणीत थाप दिली. शिंक तिथंच जिरली, पण कान फडफडलाच.

“कान हलला! मी पाहिला!”

“वारा,” गंगाक्का म्हणाली.

“वारा नाहीये!”

“वारा आहे, वारा आहे,” गर्दी ओरडली. कढईत तेल कढत होतं आणि लोकांना भूक लागली होती. भुकेल्या गर्दीला पुरावा नको असतो, नाश्ता हवा असतो.

“मग उरलेलं डुक्कर कुठं आहे?” नकुलसाहेबांनी शेवटचा प्रश्न टाकला.

गंगाक्कानं झारा उचलला आणि सगळ्या जमावावरून फिरवला. “ह्या सगळ्यांच्या पोटात. कुणाकुणाचं फाडून बघताय सायेब? बिबट्यापासनं सुरुवात करा.”

बिबट्यानं नकुलसाहेबांकडं पाहिलं. नकुलसाहेब प्रामाणिक होते, पण वेडे नव्हते. त्यांनी ओल्या मातीत पंजा बुडवला आणि दुकानाच्या खांबावर ठसा उमटवला. दुकान शुद्ध ठरलं. टाळ्या पडल्या.

“आता,” नकुलसाहेब म्हणाले, “रिवाजाप्रमाणे मुंडी उतरवावी आणि महाराजांना अर्पण करावी.”

टाळ्या थांबल्या. गंगाक्काच्या हातातला झारा पडला. भिंतीमागं सुंदरानं थाप मारली नाही. तिनं नुसती नवऱ्याच्या पाठीवर मान टेकली आणि ती तशीच राहिली.

“उतरवायला नको,” महाराज म्हणाले. “मान आमचा आहे. आम्हीच जाऊन घेऊ.”

ते उठले. एकेक पाऊल टाकत मुंडीजवळ आले. दगडोबाला त्यांचा श्वास आपल्या गालावर जाणवला. त्यानं मनातल्या मनात पिल्लांची नावं घ्यायला सुरुवात केली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती सगळी एका दमात आठवली.

मग त्याला वास आला. महाराजांच्या तोंडाला फणसाचा वास होता.

न राहवून त्यानं एक डोळा किलकिला केला. समोर वाघाचा जबडा होता, एखाद्या गुहेएवढा उघडा. त्यात लाल हिरड्या होत्या. दात औषधालाही नव्हता.

“दगडोबाच ना तू?” महाराज कानात पुटपुटले. “हलू नकोस. नुसतं ऐक. हल्ली सुरण खाजरा येतोय. घशाला कंड सुटते. अक्काला सांग, चिंचेच्या पाण्यात नीट उकळत जा म्हणावं.”

दगडोबानं लिंबू गिळलं. अख्खंच.

“महाराज, तुम्हाला ठाऊक होतं?” त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

“पहिल्या घासापासून. अरे, अर्धं आयुष्य मी डुकरं खाल्ली. मला फणस कळणार नाही?” महाराजांनी एक उसासा टाकला. “पण फणस हिरड्यांनी चावता येतो. उद्या हे दुकान मिटलं तर सगळे शिकारीला निघतील आणि मला पुढं घालतील. माझे दात गेलेत हे त्या बिबट्याला कळलं, तर मला किती दिवस उरतील सांग? तू तुझी मुंडी सांभाळ, मी माझी सांभाळतो.”

एवढं बोलून महाराज वळले आणि त्यांनी डरकाळी फोडली. ती अजून चांगली येत होती.

“आम्ही मुंडी हुंगली. अशी अस्सल मुंडी आम्ही बऱ्याच वर्षांत पाहिली नाही! आमचा मान आम्ही या दुकानाला बहाल करतो. दर बाजारच्या दिवशी मुंडी इथंच टांगली जाईल. आणि तिला जो बोट लावेल, त्याची मुंडी शेजारी टांगली जाईल.”

जंगल दुमदुमलं. बिबट्या गर्दीला सांगत सुटला की ही मुंडी उगवतीकडचीच, त्यानं जिवणीवरून ओळखली. खोकडही या वेळी हो म्हणालं. गंगाक्का हसली आणि टेकडीपलीकडची सगळी पाखरं उडाली.

नकुलसाहेबांना सन्मानानं पहिली कचोरी मिळाली. त्यांनी ती चारही बाजूंनी तपासली, एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. त्यांनाही जन्मात डुक्कर मिळालं नव्हतं.

“अहाहा!” ते म्हणाले. “शुद्ध मालाची गोष्टच वेगळी. आणि हे करडं काय आहे? फारच सुंदर!”

बाजार उठल्यावर दगडोबानं मुंडी भोकातून मागं ओढली. मान आखडली होती, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं आणि पोटात लिंबू इकडून तिकडं फिरत होतं. सुंदरानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोनदा नाकानं ढोसलं, खरंच सगळा आहे ना याची खात्री करून घेतली. मग ती रडायला लागली. दगडोबाही रडला. इतका वेळ लिंबाच्या नावावर चाललेलं ते रडणं आता दोघांनी मनसोक्त केलं.

“आता दर बाजारी टांगून घ्यायचं?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“टांगून घ्यायचं,” दगडोबा म्हणाला. “जंगलात सगळ्यात सुरक्षित जागा आहे ती. मेलेल्याला कोण मारतंय?”

आणि तो सुरण उकरायला निघून गेला.

तात्पर्य : मुलांनो, माल शुद्ध मिळालाच पाहिजे, असा हट्ट कधी धरू नये. शुद्ध माल म्हणजे कुणाचा तरी बाप असतो. कचोरी हातात आली की तिच्यात काय आहे हे विचारू नये. तिच्यात आपण नाही, एवढं बघून घ्यावं आणि चटणी मागावी.